प्रबंधिका पडद्यावर लिहावयाची तर

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधिका लिहावी लागते हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. ती छापून घ्यावयाची, मरून रंगाच्या पुठ्ठ्यात बांधावयाची, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून विभागात द्यावयाची, आणि नंतर विभागाच्या कपाटात तिने स्वस्थ झोपावयाचे, हा प्रघात. मीही तोच रस्ता धरणार होते. परंतु विषय असा निघाला की तो पुठ्ठ्यात मावेना. म्हणून प्रबंधिका संकेतस्थळाच्या रूपाने, म्हणजे लेखन, ध्वनी, छायाचित्र आणि नकाशा यांची सांगड घालून सादर करण्याची परवानगी मी मागितली आणि ती काही अटींवर मिळाली. काम अद्याप पुरे झालेले नाही. परंतु आराखडा करतानाच इतक्या चुका झाल्या की त्या लिहून ठेव, पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांतल्या निदान दोन तरी टाळता येतील, असे आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. म्हणून हा लेख.

माझा विषय जात्यावरची ओवी. तो नवा नाही. सानेगुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आहे, सरोजिनी बाबर यांनी सिद्ध केलेली संकलने आहेत, आणि गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून गोळा केलेला लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह तर आता सर्वांना खुला आहे. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने २०१७ पासून त्यांतील कितीतरी ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजासह प्रसिद्ध केल्या. एवढे झाल्यावर मी काय नवे सांगणार, असे प्रथम मलाही वाटले होते.

मग आमच्या घरी चुलतबहिणीचे लग्न निघाले. हळद दळण्यासाठी माळ्यावरचे जाते खाली आले, त्याला सुपारी बांधली, आणि आजी व शेजारच्या दोघी-तिघी त्याभोवती बसल्या. मी फोन सुरू करून कोपऱ्यात ठेवला. संध्याकाळी ते ऐकताना ध्यानात आले की, जी ओवी पुस्तकात दोन ओळींची दिसते ती गाताना जवळजवळ मिनिटभर चालते. पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा पुन्हा येतो, मध्ये ‘बाई’ येते, कोणाला तरी हाक मारली जाते, आणि दुसऱ्या ओळीतला जो शब्द खरा बोचणारा तो येता येता थांबतो. खुंट्याचा फेरा पुरा होतो, मुठीने वैरण घातली जाते, आणि मग तो शब्द पडतो. छापील ओवीत हे थांबणे दिसत नाही. माझ्या प्रबंधिकेचा प्रश्न तेथे जन्माला आला : माहेरच्या ओव्यांत आणि सासरच्या ओव्यांत हे थांबणे सारखेच असते काय? माझा अंदाज असा की सासरच्या ओवीत ते लांबते. बाई बोलावयाचे टाळत टाळत बोलते. अंदाज खोटाही ठरेल. पण खरा असो की खोटा, तो वाचकाला ऐकवल्यावाचून सिद्ध करता येत नाही.

माध्यमांविषयी मी जे काही शिकले ते एवढ्यातच आहे. आरंभी मात्र मला ते कळले नव्हते. परवानगी मिळाल्याच्या आनंदात मी जात्याची सव्वीस छायाचित्रे काढली, गावाच्या पांदीचे चलच्चित्र घेतले, पहिल्या पानावर पार्श्वसंगीत म्हणून घरघर सोडली. मॅडमनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारले, “हे काढले तर तुझ्या म्हणण्यातले काय पडेल?” पांदीचे चित्र काढले तर काहीच पडत नव्हते. घरघर काढली तर उलट बरे होत होते. छायाचित्रांपैकी दोनच उरली : एकात वैरण घालणारा हात दिसतो, दुसऱ्यात दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात ते दिसते. नकाशा मात्र टिकला. कारण गाणाऱ्या सहाही जणी त्या गावच्या सुना आहेत, त्यांची माहेरे निरनिराळ्या खोऱ्यांत आहेत, आणि एकच चाल दोघींकडे का यावी याचे उत्तर नकाशावर बोट ठेवल्याशिवाय देता येत नाही.

आता हे करणारी मी पहिलीच नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ च्या आरंभापासूनच प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले होते. पण ते बहुतांशी कागदी प्रबंधाचेच पडद्यावरचे रूप. पडद्यासाठीच रचलेला प्रबंध ही त्याहून वेगळी वस्तू. विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात व्हर्जिनिया कून यांनी २००५ मध्ये असा प्रबंध दिला तेव्हा त्यातील चित्रांच्या व चित्रफितींच्या हक्कांवरून प्रश्न उभा राहिला. आपण पुस्तकातील उतारा जसा चर्चेसाठी उद्धृत करतो तशीच चित्रेही उद्धृत केली आहेत, अशी त्यांची भूमिका होती. निक सूसॅनिस यांनी २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात पूर्ण प्रबंध चित्रकथेच्या रूपात दिला. तो पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या प्रकाशनाने छापला. ए. डी. कार्सन यांचा २०१७ चा क्लेमसन विद्यापीठातील प्रबंध तर चौतीस रॅप गाण्यांचा आहे. हा शेवटचा दाखला मी विभागाच्या सभेत सांगितला तेव्हा एक ज्येष्ठ सर हसले. पण अर्ज मंजूर करताना सर्वांत आधी सही त्यांचीच झाली.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडील ‘शोधगंगे’त जातात. ही फार मोठी सोय झाली आहे. परंतु तेथे प्रबंध जातो तो पीडीएफ होऊन, म्हणजे कागदाच्या साच्यातच. एम.ए.च्या प्रबंधिकेला तर तोही मार्ग नाही.

रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण खरी फजिती तेथेच झाली. संकेतस्थळ म्हटले की वाचकाने कोठूनही शिरावे आणि कोठेही जावे, अशी एक कल्पना असते. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदींची नावे दिलेली असतात, तसेच हे. फक्त येथे पान शोधावे लागत नाही, बोट ठेवले की ते समोर येते. मी उत्साहाने प्रत्येक पानावरून सात-आठ वाटा फोडल्या. नंतर वर्गातील एका मैत्रिणीला ते वाचावयास दिले. वीस मिनिटांनी ती म्हणाली, “ओव्या छान आहेत गं, पण तुझे म्हणणे काय?” कोश आणि प्रबंध यांत हाच फरक. कोशात वाचक आपला प्रश्न घेऊन येतो. प्रबंधात लेखकाने प्रश्न मांडून वाचकाला उत्तरापर्यंत हाताला धरून न्यावयाचे असते.

तेव्हा मी संगणक मिटला आणि पोस्टकार्डाएवढे कागद कापले. एका कागदावर एकच विधान, आणि त्याखाली ते विधान कशावर उभे आहे ते : अमुक ध्वनी, अमुक ओळ, अमुक नकाशा. एकूण एकेचाळीस कागद झाले. ते खोलीभर जमिनीवर मांडून दोन दिवस हलवीत बसले. आईने झाडू मारावयाचे थांबवले, एवढे सहकार्य घरून मिळाले. अखेर एक सरळ मुख्य वाट ठरली, सोळा पानांची. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच वाचली तरी प्रबंधिका पुरी वाचल्यासारखी होते. तिला तीन ठिकाणी आडवाटा आहेत, आणि प्रत्येक आडवाट निघाली तेथेच परत येते. पोथीची पाने सुटी असतात, पण त्यांवर आकडे घातलेले असतात, तसे काहीसे. संकेतस्थळ उभारण्याची साधने पुष्कळ आहेत. स्केलर किंवा ओमेका ही खास अभ्यासकांसाठी केलेली आहेत. पण साधन निवडण्याआधी कागद मांडावेत, हा क्रम मी उलटा केला आणि त्यात दीड महिना घालवला.

दुसरी गोष्ट टिकण्याची. कपाटातल्या मरून प्रबंधिकेला आम्ही हसतो, पण ती पन्नास वर्षांनीही उघडते. जिओसिटीजवरची असंख्य संकेतस्थळे २००९ मध्ये बंद झाली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला आणि त्यात बांधलेली कितीतरी सुरेख कामे मुकी झाली. म्हणून परीक्षकांची पहिली अट अशी आहे की, संकेतस्थळाबरोबर त्याची गोठवलेली प्रत द्यावयाची : सर्व पाने जशीच्या तशी साठवलेली एक वार्क फाइल, लेखनाची पीडीएफ, आणि मूळ ध्वनी. ध्वनीच्या बाबतीत साधा हिशेब आधी करावा. अठ्ठेचाळीस हजार नमुन्यांचे, चोवीस बिटांचे, एका वाहिनीचे वेव्ह ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ५२० एमबी होते. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साठेक एमबीत बसते. पहिले जपण्यासाठी, दुसरे ऐकवण्यासाठी. मी सुरुवातीची दोन मुद्रणे फोनवरून निरोपाच्या ॲपने पाठवली आणि मूळ पुसून टाकले. जे उरले त्यात वैरण पडल्याचा आवाज येतच नाही. ते नुकसान आता भरून येणार नाही.

देवनागरीचा एक घोळ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणला नाही तर संकेतस्थळावर तो शोधता येत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असते. पण युनिकोडमध्येही एक खड्डा आहे. ‘सासऱ्याचा’ हा शब्द मी शोधला तेव्हा निम्म्याच ओव्या सापडल्या. पुष्कळ शोधाअंती कळले की ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो : एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. सासरच्या ओव्यांवर प्रबंधिका लिहिणारीला सासराच अर्धा सापडावा, यावर वर्गात आठवडाभर विनोद झाले. तात्पर्य, लिप्यंतरण सुरू करण्यापूर्वी एक पद्धत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आता ज्या गोष्टीने आराखडा मुळापासून बदलला ती सांगते.

शेजारच्या ज्या आजी गात होत्या त्यांच्या एका ओवीत माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा आहे. सासूविषयीची ओवी. थांबणे इतके लांबते की पहिल्यांदा ऐकताना त्या विसरल्या असेच मला वाटले होते. मुद्रणापूर्वी मी त्यांना विचारले होते आणि त्या “घे की” म्हणाल्या होत्या. परंतु दुसऱ्या खेपेस, हे सगळे कोणालाही फोनवर ऐकू येईल, असे मी नीट समजावून सांगितले, तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तुज्या वहीत ऱ्हाऊ दे बाय. पर फोनात नगं. माज्या जावंची नातसून शिकल्याली हाय, ती आयकंल. गेलेल्या मानसाचं आता कशापायी?”

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला आहेच. पण मला थांबवले ते कायद्याने नव्हे. आजींनी पहिल्यांदा ‘घे’ म्हटले ते वहीला म्हटले होते. वही म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. संकेतस्थळ म्हणजे काय ते मी सांगितलेच नव्हते. घेतलेली संमती म्हणजे अर्धवट माहितीवर मिळालेला होकार होता, आणि ती चूक सर्वस्वी माझी. कागदी प्रबंधिका असती तर कपाटाने त्यांचे गुपित आपोआप सांभाळले असते, हा विचार मनातून जात नाही.

मी सहाही जणींकडे पुन्हा गेले. आता प्रत्येक ओवीपुढे तीन घरांपैकी एकात खूण आहे : सर्वांसाठी, केवळ परीक्षकांसाठी, आणि फक्त लिखित वर्णन, ध्वनी नाही. चौतीसपैकी एकोणीस ओव्या पहिल्या घरात राहिल्या. आजींची ओवी तिसऱ्यात आहे. मुख्य वाटेवरच्या अकराव्या पानावर तिची जागा मी रिकामी ठेवली आहे. तेथे थांबण्याचे सेकंद दिले आहेत, शब्द दिलेले नाहीत, आणि ध्वनी का नाही ते दोन ओळींत लिहिले आहे. यामुळे पुरावा दुबळा झाला, असे एक परीक्षक म्हणतील अशी भीती मॅडमना वाटते. मलाही वाटते. दुसरी तितकी चांगली ओवी माझ्यापाशी नाही.

दिवाळीनंतर सारी पाने घेऊन मी गावी जाणार आहे. प्रत्येकीला तिचे पान दाखवून, ऐकवून, मगच ते खुले करावयाचे. आजींच्या घराशी फोनला रेंज येत नाही, तेव्हा संकेतस्थळ इंटरनेटशिवाय, फोनमध्ये उतरवून घेऊनही चालले पाहिजे, ही अट मी आराखड्यात नव्याने घातली आहे. त्यासाठी नकाशा पुन्हा करावा लागेल. आताचा नकाशा प्रत्येक वेळी इंटरनेटवरून येतो. अकरावे पान त्यांना सर्वांत आधी दाखवीन.