झावळी ते भस्म

भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. ख्रिस्तसभेचे वर्ष मात्र आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान सुरू होते. नाताळचा गोठा बांधायच्या घाईत हे नवे वर्ष आपल्या लक्षातही येत नाही.

पुढचे बरेचसे चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी भस्म बुधवार. मधले ६ रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात.

कपाळावरचे भस्म येते कुठून? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून. त्या दिवशी आपण 'होसान्ना' गात मिरवणुकीत चाललो, झावळी घरी नेऊन क्रूसामागे खोचली. मग ईस्टर झाला, पेन्टेकॉस्ट झाला आणि हिरव्या वस्त्रांचा सामान्यकाळ आला. वर्षातले ३३-३४ आठवडे या काळाचेच. पावसात लोकल रखडतात, मिस्साला बाके रिकामी दिसतात. वर्षाचा सर्वांत मोठा काळ हाच, आणि याच काळात आपण कमी येतो, हे कबूल करायला हवे. झावळी मात्र भिंतीवर सुकत राहते.

घराला रंग काढताना ती कचऱ्यात टाकू नये. भस्म बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान येतो. त्याआधीच्या रविवारी जुन्या झावळ्या देवळात आणून द्याव्यात. जे आजारपणामुळे येऊ शकत नाहीत, त्यांच्या झावळ्या शेजाऱ्यांनी मागून आणाव्यात.