मारका बैल आणि बेवारशी कुत्रा

शास्त्रपाठ : निर्गम 21:28-29, नीतिसूत्रे 12:10

जानेवारी 2024 मध्ये भोपाळच्या अयोध्यानगर भागात एका मजुराचे सात महिन्यांचे बाळ कुत्र्यांच्या हल्ल्यात दगावले. इकडे अशोका गार्डनातही आम्हां विश्वासीयांत दोन मते आहेत. कोणी म्हणतो, सगळी उचलून न्या. कोणी रोज पोळी घालतो.

बैल मारका आहे हे ठाऊक असून मालकाने तो आवरला नाही, तर मोशेचे नियमशास्त्र मालकालाही दोषी धरते. (बैलही सुटत नाही, हे दयाळूंनी विसरू नये.) गल्लीतील कुत्र्याला मालक नाही, मग ठाऊक कोणाला होते? महापालिकेला; उष्टे रस्त्यावर फेकणाऱ्या आणि पोळी घालूनही नसबंदीसाठी कुत्रे धरून न देणाऱ्या आम्हांलाही.

22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्याच भागात सोडावीत. पिसाळलेली व हिंस्र सोडू नयेत. खाणे ठरलेल्या जागीच घालावे. पुढे 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा व रुग्णालयांच्या आवारातून नेलेली कुत्री तेथे परत सोडण्यास मनाई केली.

शब्बाथशाळेसाठी : नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. मुलांनी जवळ न जाता अशी कुत्री मोजावीत. कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुवावी व त्याच दिवशी लस घ्यावी, हे शिक्षकांनी पाठ करून घ्यावे.