जुन्या कार्डांची पेटी विकण्यापूर्वी

सिहोऱ्याच्या आमच्या शाखेत एक निवृत्त रेल्वे कर्मचारी २,१०० रुपये एका अनोळखी खात्यात पाठवायला आले. कशासाठी, असे विचारल्यावर कळले की त्यांच्या घरी क्रिकेटपटूंच्या सुमारे १,२०० कार्डांची पेटी आहे. काही कार्डे त्यांच्या वडिलांनी जपलेली, सिगारेटच्या पाकिटांतली. बाकीची मुलाने शाळेत असताना बिग फन बबलगमसोबत जमवलेली. फोनवरचा एक माणूस सगळी पेटी ६०,००० रुपयांना घ्यायला तयार होता, फक्त ‘नोंदणी शुल्क’ आधी हवे होते. नातीच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती.

“काका, शुल्क किमतीतून कापून घ्या म्हणावं,” असे मी सुचवले. त्यांनी तसे सांगताच फोन बंद झाला. २,१०० रुपये वाचले. पण पेटी विकायची कशी, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने पाहू.

१. आधी यादी करा. कार्डाच्या मागे कंपनीचे नाव, मालिका आणि क्रमांक असतो. त्यानुसार गठ्ठे लावा. उदाहरणार्थ, जॉन प्लेयर अँड सन्स या इंग्लंडच्या सिगारेट कंपनीने १९३४ आणि १९३८ मध्ये क्रिकेटपटूंच्या प्रत्येकी ५० कार्डांच्या मालिका काढल्या. पूर्ण संचाला सुट्या कार्डांपेक्षा सहसा जास्त मागणी असते. कार्डे पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. त्याने किंमत घटते.

२. बातमीतली किंमत आपली समजू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याला दहापैकी ९.५ ग्रेड होती. कोपरा दुमडलेल्या तशाच कार्डाला त्याचा अगदी छोटा अंश मिळतो. म्हणून विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची पाहा. ईबेसारख्या संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात.

३. ग्रेडिंगचा हिशोब करा. ग्रेडिंग म्हणजे तज्ज्ञ संस्थेने कार्ड अस्सल आहे का आणि कोणत्या स्थितीत आहे हे तपासून गुण देणे. शुल्क दर कार्डामागे लागते. समजा, एक कार्ड आहे तसे ४०० रुपयांना जाते. ग्रेडिंग, टपाल आणि विमा मिळून खर्च २,५०० रुपये आणि नंतरची किंमत २,००० रुपये. म्हणजे ५०० रुपयांचा तोटा. न करता ४०० रुपये हातात आले असते. म्हणून सर्वांत चांगली दोन-चार कार्डेच ग्रेडिंगसाठी निवडा.

४. सगळी पेटी एकदम देऊ नका. आधी एक छोटा गठ्ठा विका. दोन्ही बाजूंचे फोटो द्या, दोष स्वतःहून सांगा. दोन-तीन खरेदीदारांकडून भाव घ्या. त्यावरून उरलेल्या पेटीचा अंदाज येतो. उत्तम कार्डे वेगळी आणि साधी कार्डे एकगठ्ठा विकणे बहुधा सोयीचे ठरते.

५. पैसे सांभाळून घ्या. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच पार्सल पाठवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी सावध केले होते. कार्डांतली फसवणूकही त्याच वाटेने येते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही. मोठी रक्कम आल्यास करसल्लागाराला विचारा. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा आणि शाखेत या.

काकांनी पुढे असेच केले. पेटीचे ६०,००० आले नाहीत, पण जे आले ते खरे होते. त्यातून फीचा पहिला हप्ता भरला गेला. वडिलांनी जपलेली कार्डे मात्र त्यांनी विकली नाहीत.

लक्षात ठेवा: खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.