उसाच्या गाडीमागील तांबडा ठिपका

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा जो अहमदनगर जिल्हा, त्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर असे झाले. पुण्याहून, नाशिकहून, मनमाडहून, सोलापूरहून, बीडहून आणि माळशेज घाट चढून कल्याणहून येणाऱ्या वाटा या जिल्ह्यात एकमेकींना भेटतात. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली, तीही पुणे आणि अहमदनगर यांच्याच दरम्यान. किसन राऊत हे तिचे चालक व लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक होते. ज्यांच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडी गावचा. वाटसरूंसाठी त्यांनी ठिकठिकाणी विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या. वाटेने जाणारा मनुष्य सुखरूप घरी पोहोचावा, ही काळजी या मातीला नवी नाही.

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागाचे रूप पालटले. जेथे बाजरीही भरवशाने येत नव्हती, तेथे उसाचे मळे डोलू लागले. पुढे 1950 साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ एकेक कारखाना उभा राहत गेला. दिवाळी सरली, की पाथर्डी, शेवगाव यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बागायती भागाकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला त्यांच्या बोलीत 'एक कोयता' म्हणतात. कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते.

तोडलेला ऊस फार वेळ ठेवता येत नाही. तो वाळतो, त्याचे वजन घटते, त्यातील साखरही कमी होते. म्हणून पहाटेच्या थंडीत तोडलेल्या उसाच्या मोळ्या दुपारपर्यंत टायरगाडीत रचल्या जातात आणि गाडी कारखान्याच्या वाटेला लागते. बैल दमलेले, ओझे दोन टनांच्या घरातले, वाट खाचखळग्यांची. कारखाना गाठीपर्यंत अंधार पडलाच म्हणून समजावे. मोळ्यांवर कामकरीण बसलेली असते, तिच्या कुशीत लहान मूल झोपलेले असते. मागून पाहणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ अंधाराचा एक अधिक काळा तुकडा.

आता मागून येणाऱ्या मोटारसायकलचा विचार करू. तिचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे असे धरा. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे 17 मीटर अंतर कापते. बैलगाडी त्याच सेकंदात जेमतेम एक मीटर पुढे सरकते. दिव्याचा झोत खाली केलेला असेल, तर पुढचा रस्ता साधारण 40 मीटरच उजळतो. समोर गाडी आहे हे डोळ्यांनी टिपावे, मनाने ओळखावे आणि हातापायांनी ब्रेक दाबावा, यातच एक सेकंद निघून जातो, म्हणजे 17 मीटर गेले. त्यानंतर रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असतील, तरी चाके थांबण्यास आणखी 20 मीटर लागतात. एकूण 37 मीटर झाले, उरले तीन. हाच वेग ताशी 80 असता, तर विचारात 22 मीटर आणि ब्रेक लागण्यात 35 मीटर गेले असते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हे गणित वहीत करून पाहण्याजोगे आहे. त्यातच समोरून एखादा ट्रक दिव्यांचा पूर्ण झोत टाकीत आला, तर दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास काही सेकंद जातात आणि तेवढ्या वेळात वाहन आंधळेपणाने पुढे धावत असते.

पूर्वी गाडीवान आखाखाली कंदील बांधीत. आज त्याचे काम परावर्तक करतो. साधा आरसा तिरक्या आलेल्या प्रकाशाला भलतीकडे फेकतो. परावर्तक मात्र आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. त्याच्या पृष्ठाखाली काचेचे अतिशय बारीक मणी किंवा कोनाकृती लहान आरसे बसवलेले असतात. त्यामुळे मोटारीचा दिवा त्यावर पडताच चालकाच्याच डोळ्यांकडे तांबडा ठिपका चमकून येतो, आणि तोही 40 मीटरांच्या कितीतरी आधी. त्याला तेल लागत नाही, वीज लागत नाही. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते याच तत्त्वाने. इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी 1934 साली रस्त्याच्या मध्यभागी बसवण्याचे असे काचेचे खडे सिद्ध केले आणि त्यांना 'मांजराचे डोळे' हेच नाव पडले.

मग अपघात का होतात? हंगामाच्या आरंभी अनेक कारखान्यांत परावर्तक पट्ट्या वाटल्या जातात. त्या गाडीच्या मागील फळीला लागतात. परंतु ऊस फळीच्या बाहेर हात-दीड हात लोंबतो आणि पट्टी त्याखाली झाकली जाते. चिखल उडतो, धूळ बसते, आठवड्याभरात तांबड्याचा करडा होतो. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांची तीच गत. पुढच्या ट्रॅक्टरला दिवे असतात, मागच्या ट्रॉलीला मात्र काहीच नसते. पट्टी असणे आणि पट्टी दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उसाच्या टोकांवरून लोंबणारे तांबडे परावर्तक कापड बांधले, तर ओझे कितीही बाहेर आले तरी खूण झाकली जात नाही. उपाय स्वस्त आहे. बहुधा म्हणूनच त्याची कोणी फारशी पर्वा करीत नसावे!

दगडांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ट्रॉलीचे टायर फुटले, की ती रस्त्यातच उभी राहते आणि मागे मोठमोठे दगड मांडले जातात. टायर बदलून ट्रॉली निघून जाते. दगड तेथेच राहतात. रात्री येणारा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. ज्याने सावधगिरीसाठी दगड मांडले, त्याने धोकाच मागे ठेवला, हे त्याला कधी कळतही नाही. त्यापेक्षा परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर मागे ठेवावा; तो नसेल तर झाडाची डहाळी ठेवावी, निघताना तीही उचलावी.

आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. शिर्डीला पायी जाणारे भक्त तर वर्षभर दिसतात. पहाटे चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन त्यांना दिसते. पाठीमागून येणाऱ्याच्या दयेवर राहावे लागत नाही. अंगावर पांढरे वस्त्र असावे, दिंडीच्या पुढे व मागे दिवा असावा.

2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मरण पावली. जखमीला उचलणारे हात मात्र पुष्कळदा मागे राहतात. पोलीस आपल्यालाच धरतील, अशी भीती वाटते. ही भीती आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

सायंकाळी कारखान्याच्या गाडीतळावर रिकाम्या गाड्या परतीसाठी जुंपल्या जातात. गाडीवान बैलांपुढे वाढ्याची पेंढी टाकतो, जू तपासतो, सापत्या आवळतो. आणि निघण्यापूर्वी त्याचा मुलगा मागे जाऊन सदऱ्याच्या टोकाने तांबड्या पट्टीवरचा चिखल पुसून काढतो.