श्वासाचा वास आणि कर्करोगाचें निदान

करवीरच्या आसमंतांत गुऱ्हाळें सुरू झालीं म्हणजे काहिलीजवळ उभ्या असलेल्या गुळव्याकडे आम्ही नेहमीं कौतुकानें पाहतों. पाकाचा रंग, बुडबुडा व वास एवढ्यावरून काहील केव्हां उतरावी हें तो ठरवितो. हें ज्ञान शेकडों काहिलींच्या अनुभवानें त्याच्या अंगीं मुरलेलें असतें. असेंच शिकविलेलें नाक यंत्रास देऊन मनुष्याच्या श्वासावरून कर्करोग ओळखतां येईल काय, याचा शोध आज अनेक देशांत चालू आहे.

श्वासावरून रोग ताडण्याची युक्ति जुनीच आहे. मधुमेह अनावर झाला म्हणजे रोग्याच्या श्वासास पिकल्या फळासारखा वास येतो. तो ॲसिटोन नामक द्रव्याचा होय. 1971 सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं श्वास गोठवून तपासला, तेव्हां त्यांत सुमारें 250 निरनिराळीं द्रव्यें आढळलीं. पुढें 1989 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक विलक्षण हकीकत प्रसिद्ध झाली. एका बाईचें कुत्रें तिच्या पायावरील एक तीळ वारंवार हुंगीत असे, व एकदां तर तो चावून काढावयास धजलें. तपासणींत तो तीळ कर्करोगाचा निघाला! कुत्र्यास वैद्यक कोठून येणार? परंतु रोगग्रस्त पेशींचे व्यवहार बदलले कीं त्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म वाफांचें प्रमाणहि बदलतें, आणि तो फरक त्याच्या नाकास कळला असावा.

यंत्राच्या नाकाची पहिली मांडणी 1982 सालीं इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठांत पेरसॉद व डॉड यांनीं केली. त्याची एक रीत अशी: कथिलाच्या किंवा जस्ताच्या ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर तापवितात. हवेंतील ऑक्सिजन त्यास चिकटून थरांतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून वीज अडखळत वाहते. ॲसिटोनासारखी वाफ आली कीं ती त्या ऑक्सिजनाशीं संयोग पावते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात व विजेचा मार्ग सुकर होतो. असे पातळ थर बनवून वायु ओळखण्याचें संशोधन आमच्या येथील शिवाजी विद्यापीठांतहि पुष्कळ झालेलें आहे. मात्र एकच थर अनेक वाफांना साद देतो. यास्तव निरनिराळे थर एकत्र बसवून सर्वांच्या उत्तरांचा मिळून जो ठसा उमटतो, तो निरोगी व रोगी माणसांच्या ठशांशीं संगणकाकरवीं ताडून पाहतात. म्हणजे यंत्र कर्करोग हुंगीत नाहीं. त्यास जे ठसे शिकविले, तेवढेंच तें जाणतें.

खरी अडचण येथेंच आहे. श्वासांतील ओलावा, विडी, कांदा-लसूण, यांनीं ठसा बदलतो. तांबडा रस्सा ओरपून आलेला आमचा कोल्हापूरकर तर यंत्रास चांगलाच घोटाळ्यांत टाकील! शिवाय थर जुने झाले कीं त्यांचें उत्तरहि पालटतें. एके ठिकाणीं शिकविलेलें यंत्र दुसऱ्या गांवच्या माणसांवर तितकें खरें उतरेलच असें नाहीं.

ही चूक किरकोळ नव्हे. आमच्या शेजारीं निपाणीस तंबाखूची मोठी पेठ. तंबाखू चघळण्यानें तोंडाचा कर्करोग होतो हें सर्वश्रुत आहे. तुकडा काढून तपासतील या धास्तीनें कित्येक जण तोंडांतील व्रण घरच्यांपासूनहि लपवितात. अशा मनुष्यास केवळ पिशवींत फुंकर घालावयास सांगितलें, तर तो आनंदानें येईल. पण रोग असतां यंत्रानें ‘नाहीं’ म्हटलें, तर तो निश्चिंतपणें घरीं जाईल व रोग वाढत राहील. म्हणून आजहि तुकड्याच्या तपासणीवांचून डॉक्टर निश्चित निदान करीत नाहींत.

आमच्या मतें या यंत्राची गरज फुप्फुस व जठर यांसारख्या, नजर सहज न पोंचणाऱ्या अवयवांसाठीं अधिक आहे. तोंडाची पहिली पाहणी करावयास डॉक्टरास उजेड व डोळे पुरतात. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पांढरा-तांबडा चट्टा दिसला, तर तो दाखविण्यास कोणत्याहि यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं.