जुन्या घड्याळाची गोष्ट

मुलांनो, उर्दूत तुम्ही जिला 'घडी' म्हणता, तिला मराठीत 'घड्याळ' म्हणतात. मराठीतही 'घडी' हा शब्द आहे. पण त्याचा अर्थ क्षण किंवा कपड्याची घडी असा होतो.

आता घरातली एखादी जुनी पेटी उघडून पाहा. तळाशी कदाचित आजोबांचे, म्हणजे तुमच्या दादांचे, मनगटी घड्याळ सापडेल. "बंदच आहे, काय कामाचे?" असे म्हणून ते भंगारात टाकू नका.

त्याच्या तबकडीवर 'एच. एम. टी.' असे लिहिलेले आहे का? १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला या सरकारी कंपनीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिची पहिली घड्याळे बाहेर आली. 'जनता' हे तिचे साधे, चावीचे घड्याळ घराघरांत पोचले. मुलगा मॅट्रिक झाला किंवा लग्नाला उभा राहिला, की वडीलधारी माणसे त्याच्या मनगटावर घड्याळ बांधत. अंधांसाठीही या कंपनीने घड्याळे केली. झाकण उघडून तबकडीवरच्या उठावदार खुणा बोटांनी चाचपल्या, की वेळ कळे. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

त्याआधीच्या काळात लोक खिशातले घड्याळ वापरत. महात्मा गांधींच्या कमरेला असे घड्याळ लटकलेले असे. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणे अवघड जाई. म्हणून ते मनगटाला बांधू लागले. युद्धानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली.

चावीच्या घड्याळात सेल नसतो. मग ते चालते कसे? चावी दिली, की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चाके फिरवते. एक लहानसे चाक पुढे-मागे डोलत राहते आणि कमानीची शक्ती थोडी थोडी सोडते. तीच 'टिक टिक'! 'जनता'मध्ये हा ठोका सेकंदाला पाच वेळा, म्हणजे तासाला १८,००० वेळा पडतो. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून आत कृत्रिम माणकाचे १७ खडे बसवलेले असतात.

घड्याळे जमवण्याचा छंद असलेले लोक आज अशी घड्याळे शोधत फिरतात. म्हणून बाजारात फसवणूकही होते. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने रंगवून 'अस्सल जुने' म्हणून ते विकले जाते. तेव्हा तुमच्या घड्याळाची तबकडी फिकी झाली असली, तरी ती रंगवून घेऊ नका. तो फिकेपणा खरेपणाची खूण आहे.

घड्याळ स्वतः उघडू नका. काही फार जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या अंकांत रेडियम असे. त्याची पूड श्वासावाटे शरीरात गेली, तर अपाय होतो. घड्याळ जाणत्या घड्याळजीकडे न्या. उर्दूत त्याला 'घडीसाज' म्हणतात. दुरुस्त झाल्यावर रोज ठरावीक वेळी चावी द्या. चावी घट्ट लागली, की थांबा. पाण्यापासून घड्याळ जपा.

आणि एक काम आजच करा. आजोबांजवळ बसा आणि विचारा, "हे तुम्हांला कोणी दिले? कधी दिले?" त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा. तसली घड्याळे कारखान्यात हजारो तयार झाली. पण ही हकिकत फक्त आजोबांना ठाऊक आहे. बंद पडलेले घड्याळ घडीसाज पुन्हा सुरू करील. न विचारलेली हकिकत मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

स्वाध्याय
१. सैनिक मनगटाला घड्याळ का बांधू लागले?
२. चावीचे घड्याळ कसे चालते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. घरातील एका जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.