पाल्कची सामुद्रधुनी : दोन किनारे, एकच शेत



दोन मोठ्या जलाशयांना जोडणाऱ्या चिंचोळ्या समुद्राला सामुद्रधुनी म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तमिळनाडू आणि श्रीलंकेचा जाफना प्रदेश यांच्यामध्ये अशीच एक सामुद्रधुनी आहे. १७६३ ते १७६७ या काळात मद्रासचे गव्हर्नर असलेले रॉबर्ट पाल्क यांच्यावरून तिला पाल्कची सामुद्रधुनी असे नाव पडले. तिला लागूनच पाल्कचा उपसागर आहे. या पाण्यावर दोन्ही देशांतील हजारो मच्छीमार कुटुंबे जगतात.

पाण्याखालचे कुरण

हा समुद्र उथळ असल्यामुळे सूर्याचा प्रकाश बऱ्याच ठिकाणी तळापर्यंत पोहोचतो. तिथे समुद्रगवताची कुरणे पसरली आहेत. हे शेवाळ नव्हे. मुळे, पाने आणि फुले असलेली ही खरी वनस्पती आहे. तिची मुळे तळाची वाळू धरून ठेवतात. तिच्या आडोशाला कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात.

याच गवतावर डुगाँग जगतो. तमिळ कोळी त्याला ‘कडल पसू’, म्हणजे समुद्रगाय म्हणतात. सुमारे तीन मीटर लांबीचा हा शांत प्राणी पिलांना दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी वर येतो. मादीला काही वर्षांनी एकच पिलू होते. त्यामुळे एक डुगाँग जाळ्यात गुदमरून मेला, तरी ती उणीव लवकर भरून निघत नाही.

कुरणावर फिरणारा नांगर

ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. हवे ते मासे येतात, त्यांच्याबरोबर नको ती पिल्लेही येतात आणि गवत उपटले जाते. श्रीलंकेतील यादवीच्या काळात (१९८३ ते २००९) तिथल्या उत्तरेकडील मच्छीमारांना मोकळेपणी समुद्रात जाता येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते परतले, तेव्हा त्यांच्या लहान होड्यांची गाठ भारतीय ट्रॉलरशी पडली. २०१७ साली श्रीलंकेने तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. तरी सीमा ओलांडणे, अटक आणि बोटींची जप्ती थांबलेली नाही. पकडले जातात ते बहुतेक पोटासाठी बोटीवर गेलेले खलाशी.

संत अंतोनीच्या दारी

या दोन किनाऱ्यांमध्ये कच्चतीवू नावाचे लहानसे बेट आहे. १९७४ च्या करारानुसार ते श्रीलंकेकडे आहे. तिथे संत अंतोनीचे मंदिर आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे सण भरतो. दोन्हीकडचे मच्छीमार एकत्र क्रुसाची वाट करतात, एकाच मिस्साबलिदानात भाग घेतात. भारतीय भाविकांना त्यासाठी व्हिसा लागत नाही. परंतु २०२४ साली, श्रीलंकेत मच्छीमारांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ, रामेश्वरमच्या मच्छीमारांनी या सणावर बहिष्कार टाकला. तळाचे कुरण उजाड होते, तेव्हा वेदीपुढचे भाऊही दुरावतात!

आशेची पावले

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे, देशातील पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केले. जाळ्यात सापडलेला डुगाँग सोडून देणाऱ्या मच्छीमारांचा तिथे सन्मान केला जातो. ट्रॉलर सोडून खोल समुद्रात मासेमारी करू इच्छिणाऱ्यांसाठी २०१७ पासून सरकारी योजना आहे. पण अशी बोट घेणे गरिबाला सोपे नाही. म्हणून नुसती बंदी पुरेशी नाही, पोटाची सोयही हवी.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे सोपवली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे मानले नाही. आपल्या किनाऱ्यावरही लहान होड्या आणि मोठ्या यांत्रिक बोटी यांच्यातील वाद जुनाच आहे. समुद्राला विसावा देणारी पावसाळ्यातील मासेमारी बंदी आपण मनापासून पाळू या. अंड्यांवर आलेली आणि अगदी लहान मासळी बाजारात घेण्याचे टाळू या.

चिंतनासाठी :
१. आपल्या ताटातील मासळी कशी पकडली जाते, हे आपण कधी विचारतो का?
२. निसर्ग राखताना ज्याचा रोजगार बुडतो, त्याच्यासाठी आपला धर्मग्राम काय करू शकेल?